बत्तिशीचा बांध

शिराळ्याला ‘बत्तीस शिराळा’ म्हणतात ते बत्तीस गावांमुळे. दातांशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी इथे दातांचा विषय निघाला की कुणीतरी हा विनोद करतोच, आणि हसणाऱ्यांतल्या दोघाचौघांचे बोळके उघडे पडते.

दात गेला की आपण दातासाठी हळहळतो. त्याच्यामागोमाग हाडही जाते, हे मात्र कुणाच्या गावीही नसते.

दाढ काढल्यावर उरणारा खड्डा रक्ताच्या गाठीने भरतो. आठवडाभरात तिथे लालसर, कोवळे मांस धरते. पुढच्या काही आठवड्यांत जाळीदार कच्चे हाड तयार होऊ लागते आणि तीनचार महिन्यांत खड्डा बराचसा भरून येतो. सारे काम बिनबोभाट. पण पहिल्या दोनतीन दिवसांत ती गाठच निसटली, तर उघड्या हाडातून थेट कानापर्यंत ठणका जातो. ‘थुंकू नका, खळखळून चूळ भरू नका’ असे डॉक्टर बजावतात ते यासाठी. आणि मिश्री! आमच्याकडे सकाळी दाढ काढून आलेल्या आजीबाईंचे बोट संध्याकाळी पुन्हा डबीत जाते. तंबाखूने रक्तपुरवठा आखडतो, जखम रेंगाळते. सुनेने डबी लपवली तर तिला बोल लावू नये.

मग हाड जाते कुठे? खड्डा आतून भरतो, पण त्याच्या कडा झिजतात. मुळांना धरून ठेवणारा जबड्याचा कंगोरा निसर्गाने दातांसाठीच बांधलेला असतो. दात नाही तर त्याला काम नाही. गालाकडची भिंत मुळातच पातळ, ती आधी ढासळते. पश्चिमेकडच्या भातखाचरांत बांधावरचे झाड मुळासकट उपटून पाहा. खड्डा मातीने बुजवला तरी बांध पुढे खचतोच. डेन्मार्कमधल्या 2003 सालच्या एका अभ्यासात दाढांच्या जागी वर्षभरात या कंगोऱ्याची रुंदी सुमारे निम्म्याने घटलेली आढळली, आणि त्यातली दोनतृतीयांश घट पहिल्या 3 महिन्यांतली होती.

बँकेत असताना मला हे पुस्तकाशिवाय दिसे. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येत. पासबुकावरच्या फोटोतला भरल्या गालांचा मास्तर समोर उभा असे तो ओठ आत ओढलेला, हनुवटी नाकाच्या भेटीला निघालेली. सही तीच, चेहरा दुसरा. आम्ही त्याला म्हातारपण म्हणत असू. त्यात जबड्याचाही वाटा होता.

कवळी बसवली म्हणजे भागले, असेही नाही. टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांच्या 25 वर्षांच्या नोंदी 1972 मध्ये मांडल्या. झीज थांबत नाही, आणि खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट असते, असे त्यांतून दिसले. खालचीच कवळी का हलते, याचे उत्तर इथे आहे. ती सैल झाली की कवळी करणाऱ्याला शिव्या घालण्याआधी ती पुन्हा बसवून घ्यावी.

‘किडली ना, काढून टाका!’ हा आपला आवडता निकाल. दाढेची नस साफ करून ती वाचत असेल, तर हाडही वाचते. काढणे अटळच असेल, तर खड्ड्यात हाडाची पूड भरून झीज कमी करता येते का, हे आधी विचारावे. टायटॅनियमचे कृत्रिम मूळही बसवता येते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला ते बसवले. खर्च मात्र शेतकरी घराला विचार करायला लावणारा. सांगली-कराडच्या दंतमहाविद्यालयांत चौकशी करायला हरकत नाही.

एक गोष्ट बायकांनी विशेष ध्यानात ठेवावी. हाडे ठिसूळ झाल्यावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे दाढ काढल्यानंतर जबड्याची जखम क्वचित भरतच नाही. हे 2003 पासून वैद्यकाला ठाऊक आहे. औषध आपल्या मनाने बंद करू नये. दंतवैद्याकडे जाताना त्या गोळ्यांची पट्टी पिशवीत टाकावी, आणि इंजेक्शन वर्षातून एकदाच घेतलेले असेल तर त्याचा कागद.