तेलाचा थेंब, तलावभर पसारा

धानाच्या बांधीला पाणी द्यायला बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) काठी डिझेल इंजिन लावलं, त्यातून थोडं तेल गळलं आणि वारा पडलेला असला, की पाण्यावर सप्तरंगी तवंग भराभर पसरतो. गोंदियाजवळच्या कामठ्याच्या शिवारात कोणालाही दिसेल अशी ही गोष्ट. तेल हलकं म्हणून तरंगतं, हे ठीक. पण ते एवढं पसरतं कशामुळे?

सुरुवातीला तेलाचं स्वतःचं वजनच त्याला बाजूंना ढकलतं. थर पातळ झाला की सूत्रं पृष्ठताणाकडे जातात. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन, तर बहुतेक तेलांचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे कडेचं स्वच्छ पाणी तेलाला बाहेर ओढतं. परातीत पाणी घ्या, वर टाल्कम पावडर भुरभुरा आणि काडीच्या टोकाने जवसाच्या तेलाचा बारीक थेंब मधोमध टेकवा. क्षणात पावडर कडेला पळते आणि मध्ये मोकळं वर्तुळ पडतं.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं, तेव्हा सुमारे अर्ध्या एकरावरच्या लाटा निवल्या. १७७४ साली त्यांचा हा अनुभव छापून आला. पाच मिलिलिटर तेल तेवढ्या जागेवर पसरलं, तर थराची जाडी जेमतेम अडीच नॅनोमीटर भरते, म्हणजे जवळपास एकाच रेणूची!

इंद्रधनुषी रंग दिसायला मात्र थर थोडा जाड लागतो, साधारण ०.३ मायक्रोमीटरपासून पुढे. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेले प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. जाडीनुसार काही रंग उजळतात, काही विझतात. या हिशेबाने लिटरभर तेल पाऊण एकराहून जास्त पाणी रंगवू शकतं.

ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं, तेव्हा देशभर बातमी झाली. बोडीत सांडलेल्या लिटरभराची बातमी होत नाही. पण समुद्रात लाटा तवंग फोडतात, भरती-ओहोटी तो हलवते. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या संथ पाण्याला ही मदत नाही. पृष्ठभागावर येऊन श्वास घेणारे किडे तेलाने गुदमरतात. पाणपक्ष्यांच्या पिसांना तेल लागलं की त्यांत पाणी शिरतं, आणि गोंदियाचे तलाव तर सारसांचं घर आहेत.

एवढा पातळ थर पाण्यावरून पुन्हा गोळा करणं जवळपास अशक्य. म्हणून इंजिनाखाली पत्र्याचं घमेलं ठेवावं आणि ट्रॅक्टर तलावात उतरवून धुऊ नये. तेल अडवायची जागा काठावरच आहे.