सफरीचा अमीर

ईदच्या दिवशी शिरखुर्म्याचे पातेले रिकामे झाले की आमच्या कुरकुंभच्या घरात अम्मींचा प्रश्न ठरलेला असतो, "आता पुन्हा सगळे कधी जमणार?" अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. तीन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई आणि नातवंडे मिळून आम्ही 19 जण. एरवी भेट होते ती लग्नात नाहीतर मय्यतीला, आणि दोन्हीकडे निवांत बोलणे होत नाही. यंदा उत्तर मुलांनीच दिले, "दादी, येत्या शनिवारी तळ्याकाठी तंबू ठोकू या. रात्रभर तिथेच राहू."

तळे म्हणजे उजनीचे पाणी. भीमेवरचे हे धरण 1980 साली पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा भिगवणच्याही मागे पसरला. कुरकुंभहून सोलापूर रस्त्याने निघाले की अर्ध्या-पाऊण तासात आपण काठावर असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी उतरू लागले की उथळ जागी गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. ते पाहायला लांबून लोक येतात. आम्ही शेजारी राहून कधी गेलो नव्हतो.

अमीर कोण?

निघण्याच्या आदल्या रात्री अम्मींनी सगळ्यांना बसवले. तिघेही प्रवासाला निघाले तरी त्यांनी आपल्यातील एकाला अमीर, म्हणजे प्रमुख नेमावे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात ती हदीस आहे. आपण ती हजच्या काफिल्यात पाळतो, जमातीत पाळतो आणि घरच्या सहलीत मात्र विसरतो.

सगळ्यांना वाटले, मान थोरल्यांचा. मुलांचे बडे अब्बा, म्हणजे माझे जेठ, हेच अमीर होणार. पण अम्मींनी धाकट्याचे नाव घेतले. माझे धाकटे दीर इथल्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्याच्या सुरक्षा विभागात आहेत. भोंगा झाला की सगळ्या कामगारांना मोकळ्या जागेत आणायचे, डोकी मोजायची आणि एक जरी कमी भरला तरी शोध सुरू करायचा, हे त्यांचे रोजचे काम. अम्मी म्हणाल्या, "मला मान द्यायचा नाही, माणसं मोजून परत आणायची आहेत."

बडे अब्बा काही बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वी शेताची वाटणी झाली, तेव्हापासून दोघा भावांचे बोलणे सलाम-दुआपुरतेच उरले होते. आम्हा जावांना धास्ती वाटली, सहल इथेच मोडते की काय.

काठावरचा संसार

अमीरसाहेबांनी प्रत्येकाला एक नंबर दिला. अम्मी एक, बडे अब्बा दोन, आणि शेवटी चार वर्षांची आमची धाकटी एकोणीस. शिट्टी वाजली की ओळीने नंबर म्हणायचा.

ओळखीच्या एका शेतकऱ्याला आधी विचारून त्यांच्या पडीक रानात तंबू लावले. पाण्यापासून चांगले दूर आणि उंचवट्यावर. काठ कोरडा दिसतो, पण वरच्या पापुद्र्याखाली गाळ असतो. काठी रोवली तर ती हातभर आत गेली. ही काठी सगळ्या मुलांना रोवून पाहायला लावली. तोंडी ताकिदीपेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला.

बायकांसाठी वेगळा तंबू होता. मागे चादरींचा आडोसा करून न्हाणीघर केले, तेही पाण्यापासून लांब. साचलेल्या पाण्यात घाण करण्यास इस्लामने स्पष्ट मनाई केली आहे. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येते, म्हणून पिण्याचे, स्वयंपाकाचे आणि वुजूचे पाणी आम्ही घरूनच ड्रम भरून नेले होते.

अम्मींचे शव्वालचे रोजे चालू होते. त्यांच्यासाठी खजूर, सरबत आणि भजी. बाकीच्यांसाठी चुलीवर तळलेली चिलापी. किब्ल्याची दिशा मुलांनी मावळत्या सूर्यावरून ओळखली: पश्चिम, किंचित उत्तरेकडे. सोलापूरचे दुल्हाभाई मुसाफिर, म्हणून त्यांची चार रकातींची फर्ज नमाज कसर. आम्ही घरापासून जवळच आलेले, आमची पूर्ण. इशाला इमामत दुल्हाभाईंनी केली. त्यांनी दोन रकातींवर सलाम फेरला आणि बाकीच्यांनी उठून उरलेल्या दोन पूर्ण केल्या. पुस्तकात वाचलेला मसला मुलांनी प्रथमच डोळ्यांनी पाहिला.

पाच जॅकेट, अकरा माणसे

खरी कसोटी त्याआधी, असरनंतर लागली होती. पक्षी दाखवणारी एक बोट काठाला आली. आठ मुले आणि तीन मोठे चढायला तयार. बोटीत जॅकेट पाचच. दुपारपासून वारा सुटला होता आणि पाण्यावर लाटा दिसत होत्या.

धाकटे दीर म्हणाले, "आज नको. सकाळी वारा पडला की जाऊ. जॅकेट असतील तेवढेच जण एका वेळी."

बडे अब्बांचा आवाज चढला. "मी स्वतः मुलांबरोबर बसतो. अर्ध्या तासाचा तर प्रश्न. अल्लाहवर भरवसा आहे की नाही?"

सगळे गप्प झाले. दिरांनी खालच्या आवाजात उत्तर दिले, "भाईजान, उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला प्रेषितांनी आधी उंट बांधायला सांगितलं होतं. जॅकेट म्हणजे आपल्या उंटाची दोरी."

मग त्यांनी मुलांना याच पाण्याची आठवण सांगितली. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, 30 जूनला, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरचे एक मुस्लिम कुटुंब सापडले. तेही आपल्यासारखेच नातेवाइकांसह सहलीला गेलेले. वर पाऊस झाला, ओढा पाहता पाहता वाढला, आणि एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले लोक वाहून गेले. एक महिला आणि चार मुले दगावली. मायेने धरलेला हात पाण्याच्या जोरापुढे टिकत नाही. वेळेआधी मागे फिरणे हाच इलाज.

बडे अब्बा एकटेच तंबूकडे निघून गेले. बोट रिकामी परतली. मुले हिरमुसली.

रात्री इशानंतर शिट्टी वाजली. अम्मी म्हणाल्या, "एक." पुढे शांतता. सगळ्यांच्या नजरा अंधारात तंबूच्या दाराकडे. मग तिथून आवाज आला, "दोन." आणि पाठोपाठ भराभर तीन, चार, पाच... शेवटी पेंगुळलेले "एकोणीस".

मला वाटते, त्या एका "दोन"मध्ये दोन वर्षांची अढी सैल झाली. सिलह-ए-रहमीवर आपण बयान ऐकतो. नाते जोडायला कधी कधी धाकट्याच्या शिट्टीला ओ देणे पुरते.

सकाळी फज्रनंतर पाणी आरशासारखे स्थिर होते. पाच-पाच जणांच्या फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत बुरख्यावर केशरी जॅकेट घातलेल्या अम्मी आणि दोन बाजूंना दोन मुलगे बसले होते. रोहितांचा थवा उठला तेव्हा "सुब्हानल्लाह" तिघांच्याही तोंडून निघाले.

तुम्ही निघणार असाल तर

- अमीर घरीच ठरवा. वय नव्हे, जबाबदारी पाहा. निर्णय पटला नाही तरी मुलांसमोर मोडू नका.
- दर तासाला डोकी मोजा. प्रत्येक लहान मुलामागे एक मोठा नेमा. "सगळे बघतायत" म्हणजे कोणीच बघत नाही.
- प्रत्येकाला मापाचे जॅकेट नसेल तर बोट नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा वारा अचानक सुटतो.
- कोणी पाण्यात पडले तर पोहता न येणाऱ्याने उडी मारू नये. दोरी, ओढणी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा आणि 112 वर फोन करावा.
- कचरा पिशवीत भरून घरी आणा. ते रान आणि ते पाणी आपल्याला उसने मिळालेले असते.

पुढची सहल बकरी ईदनंतर ठरते आहे. अमीर कोण, असे अम्मींनी विचारले तेव्हा बडे अब्बा आधी बोलले, "धाकट्यालाच राहू दे. त्याला मोजता येतं."