भोर व वेल्हे तालुक्यांतील वृक्षतोड आणि नागरिकांच्या हरकती

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे या डोंगराळ तालुक्यांत एखादे झाड तोडण्यास, किंवा धोकादायक झालेले झाड न हटवण्यास, हरकत घ्यावयाची असल्यास ती कोणाकडे घ्यावी हे त्या झाडाच्या जागेवर अवलंबून असते. भोर शहरात नगरपरिषद आहे. वेल्हे (राज्य शासनाने २०२४ मध्ये या तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय घेतला) आणि भोर तालुक्यातील खेडी ग्रामपंचायतींच्या हद्दीत येतात. त्यामुळे एकाच जातीच्या दोन झाडांना दोन निरनिराळे कायदे लागू होतात. बहुसंख्य तक्रारी चुकीच्या कार्यालयात जाऊन पडतात, त्याचे मूळ येथे आहे.

पूर्वपीठिका

वृक्षतोडीवर निर्बंध ही या भूमीत नवी कल्पना नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड घेण्याचा विषय आला आहे. रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली आंबा-फणसासारखी झाडे तिच्या संमतीवाचून व मोबदला दिल्यावाचून तोडू नयेत, असा त्याचा आशय आहे. देवरायांची परंपरा याहून जुनी असावी. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा केवळ श्रद्धेच्या बळावर टिकलेली राने अभ्यासकांपुढे आली.

शहरी हद्द

नगरपरिषदांच्या क्षेत्रासाठी १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण व वृक्ष अधिकारी नेमले जातात आणि वृक्षगणना होते. झाड ‘तोडणे’ या संज्ञेत जाळणे किंवा झाडाला इजा पोहोचवणे यांचाही समावेश होतो. म्हणून बुंध्याभोवती काँक्रीट ओतून किंवा मुळांशी आम्ल टाकून झाड वाळवणे हा देखील तक्रारीचा विषय ठरतो.

नागरिकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद जाहीर सूचनेची आहे. तोडीचा अर्ज आल्यावर स्थानिक वृत्तपत्रात आणि प्रत्यक्ष झाडावर सूचना लावावी लागते. तीत हरकतीची मुदत असते, आणि ती फार लांब नसते. झाडावर डकवलेला कागद पहिल्या पावसात गळून पडतो, हे लक्षात घेऊन तो दिसताच त्याचे छायाचित्र काढून ठेवणे इष्ट. परवानगी दिल्यानंतरही १५ दिवस झाड तोडता येत नाही. उलटपक्षी, ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे गृहीत धरण्याची तरतूदही मूळ कायद्यात आहे. म्हणजे कार्यालयाची दिरंगाई झाडाच्या विरोधात जाऊ शकते. मृत, रोगट, उन्मळलेले किंवा जीवितास धोका असलेले झाड मात्र या कायद्याच्या आड येत नाही.

२०२१ च्या सुधारणेने ५० वर्षांहून अधिक वयाच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून मान्यता दिली, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपे लावण्याचे तत्त्व आणले. दंडाची कमाल मर्यादा प्रति झाड एक लाख रुपये झाली. झाडाचे वय हा अशा रीतीने हरकतीतील कळीचा मुद्दा बनला आहे.

उद्यानातील हिरवळ, वसाहतीतील मोकळी जागा किंवा वाढलेले गवत यांना हा कायदा लागू नाही. त्यासाठी मुख्याधिकाऱ्यांकडे किंवा ग्रामपंचायतीकडे साधा अर्ज करावा लागतो.

ग्रामीण हद्द

खेड्यांमध्ये १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम चालतो. तो अनुसूचीतील जातींपुरता आहे: साग, खैर, चंदन, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, अंजन इत्यादी. ती झाडे स्वतःच्या शेतात असली तरी परवानगी लागते. या यादीत वड नाही, पिंपळही नाही. रस्त्याकडेच्या जुन्या वडाचे रक्षण त्यामुळे जातीवरून होत नाही. जागा सार्वजनिक बांधकाम विभागाची, वनविभागाची की ग्रामपंचायतीची, यावर ते ठरते. अर्ज करण्यापूर्वी सातबारा किंवा रस्त्याची हद्द पाहणे म्हणूनच आवश्यक.

सांगली जिल्ह्यातील भोसे (ता. मिरज) येथे हेच दिसून आले. रत्नागिरी–नागपूर महामार्गात सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वटवृक्ष जाणार होता. ग्रामस्थ व पर्यावरणप्रेमी एकत्र आले, राज्याचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरी यांच्याकडे विषय नेला, आणि जुलै २०२० मध्ये झाड वाचवण्यासाठी आखणी बदलण्याचे मान्य झाले. यंत्रे झाडाशी पोहोचण्यापूर्वी आवाज उठला, ही त्यातील निर्णायक बाब होय.

तक्रारीची रीत

अर्जात झाडाची जात, जागा, अंदाजे वय, बुंध्याचा घेर आणि छायाचित्र द्यावे. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. खेड्यात हा विषय ग्रामसभेत मांडून ठराव करून घेता येतो, आणि एकट्याच्या अर्जापेक्षा ठरावाचे वजन अधिक असते. उत्तर न मिळाल्यास तालुक्याच्या लोकशाही दिनात, म्हणजे महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, विषय नेता येतो. माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये १० रुपये शुल्क भरून परवानगीची प्रत मागता येते व ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मात्र तोपर्यंत झाड उभे असेलच असे नाही, म्हणून हा मार्ग हरकतीच्या बरोबरीने वापरावा, हरकतीऐवजी नव्हे.