काकूंना काय दिसतं?

लेखमाला : घरातलं इंटरनेट, भाग ७

गेल्या आठवड्यात आपण राउटरचा पासवर्ड बदलला. आज त्याच राउटरपाशी आणखी थोडं थांबायचं आहे, कारण मधल्या दिवसांत एक प्रश्न आला आणि तो माझ्या मनातून जाईना.

प्रश्न माझ्या मैत्रिणीच्या मुलीचा. ती पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. खोलीत चौघी जणी. वायफाय मालकीणबाईंचं, राउटर त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी. फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तिने विचारलं, "मावशी, आम्ही मोबाईलवर काय बघतो ते काकूंना दिसतं का गं?" का विचारतेस, म्हटल्यावर आधी गप्प राहिली. मग हळूहळू बोलली. तीन आठवडे तिला धड झोप नव्हती, वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं. समुपदेशकाचा पत्ता शोधायचा होता, पण शोधला नव्हता. काकूंना कळेल, त्या गावी फोन करतील, आई म्हणेल बॅग भर आणि ये, ही धास्ती. एका न दिसणाऱ्या डोळ्याच्या भीतीने ती तीन आठवडे एकटी राहिली. हा लेख तिच्या परवानगीने लिहिते आहे, खुणा बदलून.

तिला मी एसटीडी बूथची गोष्ट सांगितली. तिच्या पिढीने तो पाहिलेला नाही. पिवळी पाटी, आत काचेची खोपटी, रात्री दर उतरले की बाहेर रांग. आत जाऊन दार ओढून घेतलं की तुमचं बोलणं तुमचं. पण बाहेर आलं की बूथवाल्याच्या यंत्रातून एक चिठ्ठी निघे: कोणता नंबर, किती मिनिटं, किती पैसे. गावी घरी फोन केला की दवाखान्यात, हे त्याला कळे. आत काय बोलणं झालं, ते कळत नसे. घरच्या वायफायवर आज जवळपास हेच चालतं, आणि राउटर ज्याच्या हातात तो बूथवाला.

काचेचं दार म्हणजे साइटच्या पत्त्यात सुरुवातीला असणारं एचटीटीपीएस. पूर्वी बहुतेक साइटना हे दार नव्हतंच. २०१० साली एरिक बटलर या अमेरिकन प्रोग्रॅमरने फायरशीप नावाचं छोटं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्याच्या फेसबुक खात्यात त्याने दोन क्लिकमध्ये शिरता येई. दार किती गरजेचं आहे, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. २०१५च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा सुरू झाली. दारासाठी लागणारं प्रमाणपत्र तिने फुकट द्यायला सुरुवात केली आणि लहानसहान साइटनाही दार परवडू लागलं. त्याच वर्षी विकिपीडियाने आपली सगळी वाहतूक बंद दाराआड नेली. म्हणजे आज तुम्ही मराठी विकिपीडियावर नैराश्याबद्दल वाचत असाल, तर राउटरला फार तर 'मराठी विकिपीडिया' एवढं कळू शकतं. कोणता लेख, ते नाही.

पण चिठ्ठी उरतेच. ती दोन वाटांनी फुटते. साइटचं नाव टाकल्यावर फोनला आधी तिचा आकडी पत्ता विचारावा लागतो. ही विचारणा डीएनएस नावाच्या व्यवस्थेतून होते. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये आखली, तेव्हा इंटरनेटवर माणसं मोजकी होती आणि लपवाछपवीचा विचार कोणी केला नव्हता. त्यामुळे विचारणा मोठ्याने होते, वाटेतल्या कोणालाही ऐकू येईल अशी. दुसरी वाट जोडणी सुरू होतानाची. दार लागण्याआधी फोन साइटचं नाव एकदा उघड उच्चारतो. आणि नावातच सगळं असू शकतं. एखाद्या आजाराच्या किंवा घटस्फोटाच्या सल्ल्याच्या साइटचं नुसतं नाव पुरेसं बोलतं.

मग काकूंना दिसतं का? प्रामाणिक उत्तर असं, की सहसा नाही, पण ठरवलं तर हो. घरगुती राउटरच्या पानावर साधारणपणे जोडलेल्या फोन-लॅपटॉपची यादी दिसते. काही राउटरमध्ये साइटच्या नावांची नोंद ठेवता येते. मुलांवर लक्ष ठेवायच्या सोयीतून किंवा नोंद ठेवणारी डीएनएस सेवा राउटरवर बसवूनही ते जमतं. तसं कोणी केलं असेल, तर तुमच्या फोनवर त्याची कसलीही खूण दिसत नाही. पानं, शोधलेले शब्द, व्हॉट्सअॅपचे संदेश मात्र राउटरच्या नोंदीत येत नाहीत. इतकं सांगितल्यावर पोरीचा श्वास खाली आला.

"मग मी इन्कॉग्निटोमध्ये बघू?" हा तिचा पुढचा प्रश्न, आणि तो जवळजवळ प्रत्येकाचा असतो. इन्कॉग्निटोची ती काळी खिडकी बंद केली की तिच्यातला इतिहास आणि कुकीज त्या यंत्रावरून पुसल्या जातात. तिचं काम तेवढंच. एकच लॅपटॉप चौघांत असेल तर ते मोलाचं आहे. पण राउटर, इंटरनेट कंपनी आणि समोरची साइट यांच्यासमोर ती पडदा धरत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला, की गूगलवर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात याच खिडकीवरून सामूहिक दावा झाला. २०२४ मध्ये तडजोडीच्या अटी जाहीर झाल्या, तेव्हा कंपनीने साठवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं आणि खिडकीवरची सूचना अधिक स्पष्ट करायचं मान्य केलं.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. घरातली गोष्ट राउटरमधून क्वचितच फुटते. ती फुटते सामाईक खात्यातून. आईला नवा फोन घेतला, मुलाने घाईत स्वतःचंच खातं टाकून चालू करून दिला, हे घरोघरी झालेलं आहे. आमच्याकडेही झालं. माझ्या आईला छातीत गाठ लागली होती. कोणाला सांगण्याआधी ती दुपारी एकटी बसून त्यावरचे व्हिडिओ पाहायची. नाशिकला त्याच खात्यावर चालणाऱ्या भावाच्या टीव्हीवर तसलेच व्हिडिओ सुचवले जायला लागले, आणि त्याने घाबरून फोन केला. गाठ साधी निघाली. पण आई मला म्हणाली, "माझं मला सांगायचं होतं गं." तिचं ते वाक्य मी विसरू शकत नाही. भावाने काही वाईट केलं नव्हतं. तिचं सांगणं मात्र तिच्या हातून गेलं होतं.

तेव्हा आज संध्याकाळी घरातल्या प्रत्येक फोनवर कोणाचं खातं आहे ते बघा आणि ज्याचं त्याला द्या. टीव्हीवर प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा. गूगल खात्यात शोधांचा आणि व्हिडिओंचा इतिहास ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी आपोआप पुसण्याची सोय आहे. ती ३ वर ठेवा, किंवा इतिहास साठवणंच थांबवा.

चिठ्ठीचं काय? सर्वांत सोपा उपाय म्हणजे वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू करणं. बूथमध्ये गेलोच नाही, तर बूथवाल्याकडे चिठ्ठी कुठून येणार? दहा मिनिटांच्या नाजूक कामाला एवढं पुरतं. साइटचं नाव मोबाइल कंपनीला दिसेल, पण काकूंचा प्रश्न सुटला. कायमचं काही हवं असेल तर अँड्रॉइड ९ आणि पुढच्या फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस सापडेल. तिथे 'डीएनएस डॉट गूगल' किंवा क्लाउडफ्लेअरचं 'वन डॉट वन डॉट वन डॉट वन' इंग्रजी अक्षरांत भरलं, की नावाची विचारणा बंद दाराआड होते. अर्थात आता ती विचारणा त्या कंपनीला कळते. दार लागण्याआधीचं नाव झाकणारी नवी पद्धत क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०२३ पासून आली आहे, पण साइटनेही ती स्वीकारलेली असावी लागते.

व्हीपीएन, म्हणजे सगळी वाहतूक दुसऱ्या कंपनीमार्फत नेणारी सोय, वापरलं तर राउटरला फक्त एक बंद नळी दिसते. नळीच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलं आहे, हे मात्र विचारा. ओनावो नावाचं फुकट व्हीपीएन फेसबुकच्या मालकीचं होतं, आणि लोक कोणती अॅप वापरतात याची माहिती त्यातून कंपनीकडे जात होती. अॅपलने २०१८ मध्ये ते आपल्या दुकानातून काढायला लावलं. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि दिलेले आयपी पत्ते ५ वर्षं जपून ठेवायचा आदेश दिला. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. फुकट व्हीपीएन मी तिला टाकू दिलं नाही.

यातलं काहीही उपयोगी नाही अशी एक जागा आहे, आणि ती सांगायलाच हवी. फोनच दुसऱ्याच्या ताब्यात असेल, पासवर्ड नवऱ्याला माहीत असेल, त्याने त्यात पाळत ठेवणारं अॅप टाकलं असेल, तर मोबाइल डेटा, प्रायव्हेट डीएनएस, व्हीपीएन सगळं फोल. अॅप स्क्रीनच वाचतं. ते घाईने काढूनही टाकू नका. त्याला कळेल, आणि राग बाईवर निघेल. मदत शोधायची ती बहिणीच्या, मैत्रिणीच्या, ऑफिसच्या फोनवरून. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइनही तशाच दुसऱ्या फोनवरून लावावी.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो सरकारपुढे उभं राहायला बळ देतो. सासू-सुनेच्या, घरमालकीण-भाडेकरूच्या मध्ये उभं राहायला न्यायालय रोज येत नाही. तिथे आपलीच जुनी शिस्त हवी. ज्या घरात दुसऱ्याच्या नावचं पत्र फोडत नसत, त्या घरात मी वाढले. लहान मुलांच्या फोनवर लक्ष ठेवावं लागतं, हे मला मान्य आहे. पण ठेवता आहात हे त्यांना सांगून ठेवा. वीस-बावीस वर्षांच्या मुलीवर भाड्याच्या बदल्यात नजर ठेवायचा हक्क कोणालाच मिळत नाही.

शेवटी तिला मी म्हटलं, पत्ता नंतर शोध, आधी टेलिमानसला फोन कर. मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, आणि इंटरनेट लागतच नाही. नंबर १४४१६. त्या रात्री ती गच्चीवर गेली आणि तिने फोन लावला. चाळीस मिनिटं बोलले, असं सकाळी तिने मला कळवलं. काय बोलली, ते मी विचारलं नाही.