हलका लॅपटॉप, भारी किंमत : व्यापाऱ्याने हिशेब कसा करावा?

कापड घेताना आपण ताका उलगडतो, रीड-पिक मोजतो, कापड उजेडाकडे धरून पाहतो आणि मग भाव बोलतो. हाच व्यापारी लॅपटॉप घ्यायला गेला की मुलाच्या सांगण्यावरून लाख रुपये मोजून येतो, नाहीतर दुकानातला सर्वांत स्वस्त डबा उचलून आणतो. दोन्हीत नुकसान आहे. यातली दुसरी चूक मी स्वतः केली आणि पहिली करता करता वाचलो. म्हणून हा हिशेब व्यापारी बांधवांपुढे मांडतो आहे.

आधी माझ्या चुकीबद्दल. २०२१ मध्ये मी एकतीस हजारांचा नवा लॅपटॉप घेतला. वजन सव्वादोन किलो, मेमरी चार जीबी आणि आत जुन्या पद्धतीची फिरणारी हार्डडिस्क. सकाळी बटण दाबून चहा मागवला तर चहा आधी यायचा. एक वर्षाची हमी संपली आणि चौदाव्या महिन्यात पडद्याची बिजागरी प्लास्टिकसकट उखडली. तरीही तो ओढत राहिलो. २०२४ मध्ये सुरतेला एका पार्टीकडे खात्याची तोंडमिळवणी करायला बसलो होतो. जुने येणे होते, त्यांच्या चोपडीत एक आकडा आणि माझ्या खात्यात दुसरा. बिले काढून दाखवणार तोच बॅटरीने जीव सोडला आणि वीजही नेमकी तेव्हाच गेलेली. गाडीची वेळ झाली होती. शेवटी अठरा हजार सोडून हिशेब मिटवला. घरी येऊन खाते उघडले तर आकडा माझाच बरोबर होता. स्वस्त लॅपटॉप घेऊन जे वाचवले होते, ते एका दुपारी गेले.

साहजिकच घरी चर्चा झाली. मुलगा म्हणाला, "अब्बा, आता ॲपलचा मॅकबुक एअर घ्या. वजन सव्वा किलो, बॅटरी दिवसभर." मार्च २०२५ मध्ये नवे मॉडेल आले तेव्हा त्याची आपल्याकडील किंमत ९९,९०० रुपये होती. वजन १.२४ किलो, मेमरी सोळा जीबी, साठवण २५६ जीबी. दुकानात जाऊन हातात घेतला आणि खरे सांगायचे तर मन बसले.

हा हलका लॅपटॉप आला कुठून, हेही थोडक्यात पाहू. २००७ मध्ये आसुस कंपनीने सात इंची पडद्याचा, एक किलोपेक्षा कमी वजनाचा, स्वस्त आणि लहान संगणक काढला. अशा यंत्रांना नेटबुक म्हणू लागले. जानेवारी २००८ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी भर सभेत कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला. त्याचे वजन १.३६ किलो आणि किंमत १,७९९ डॉलर. त्यात सीडीची जागा नव्हती आणि यूएसबीचे भोक एकच. म्हणजे हलकेपणासाठी गिऱ्हाइकाने पैसे जास्त द्यायचे आणि सोयी कमी घ्यायच्या, असा तो सौदा होता. पुढे २०११ मध्ये इंटेल कंपनीने 'अल्ट्राबुक' या नावाने इतर कंपन्यांनाही पातळ लॅपटॉप बनवण्याची दिशा दिली आणि स्पर्धा वाढली. आपल्याकडे २०२३ मध्ये जिओबुक १६,४९९ रुपयांना आला, त्याचे वजन तर एक किलोसुद्धा नव्हते. पण मेमरी चार जीबी आणि कंपनीची स्वतःची वेगळी प्रणाली. पेढीचा हिशेब त्यावर ठेवता येत नव्हता. तेव्हा फक्त हलकेपणा हवा असेल तर तो स्वस्तातही मिळतो. महागाचा भाव कशाचा, हे वेगळे पाहावे लागते.

तो भाव चार गोष्टींचा असतो : बॅटरी, पडदा, धातूची घडण आणि थंड चालणारा प्रोसेसर. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने इंटेलचा प्रोसेसर सोडून स्वतःचा बसवला, तेव्हापासून मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. शहरातल्या लोकांना याचे महत्त्व वाटणार नाही, पण यंत्रमागाच्या कारखान्यात रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. ते लॅपटॉपच्या पंख्यात जाऊन बसतात, हवा अडते, यंत्र तापते आणि मंद पडते. माझा जुना लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने उघडला तेव्हा आतून बोटाएवढी रुईची वात निघाली. ज्याची बैठक मागांच्या शेजारी आहे त्याने पंखा नसलेल्या यंत्राची किंमत थोडी जास्त धरली तरी चालेल. कंपनी पंधरा तास बॅटरी सांगते. त्यातले पाच वजा केले तरी आपला दिवस निघतो. पाच वर्षे वापरून विकायला काढला तरी या मालाला भाव येतो, हीसुद्धा जमेची बाजू.

मग घेतला का नाही? कारण दुकानातूनच आमच्या मुनीमजींना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सेठ, त्यावर टॅली चालेल का?"

टॅली विंडोजवर चालते. ॲपलच्या यंत्रावर ती सरळ बसत नाही. पूर्वी इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर विंडोज वेगळी टाकून काम भागत असे. ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर ती सोय बंद झाली. आता एकतर पैसे भरून दुसरे सॉफ्टवेअर घ्यायचे आणि त्याच्या आत विंडोज चालवायची, नाहीतर टॅली दूरच्या सर्व्हरवर भाड्याने ठेवून इंटरनेटवरून पाहायची. दोन्हीचा खर्च दरवर्षी चालू. इंटरनेट गेले की दुसरा मार्गही बंद. शिवाय या यंत्राला दोनच लहान भोके आहेत आणि तीही यूएसबी-सीची. डिजिटल सहीचा टोकन, पेन ड्राइव्ह, बारकोडचा प्रिंटर, माऊस, यातले जुन्या तोंडाचे काहीच जोडण्याशिवाय लागत नाही. ते जोडणे घरी विसरले की विवरण भरण्याच्या शेवटच्या दिवशी काय धावपळ होते, ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

आणखी एक बाब. या लॅपटॉपची मेमरी आणि साठवण कारखान्यातच बोर्डावर पक्की बसवलेली असते. आपल्या भाषेत सांगायचे तर बीम भरून झाल्यावर त्यात तार वाढवता येत नाही, तसे हे आहे. खरेदीच्या वेळी जे घेतले ते शेवटपर्यंत. २५६ ऐवजी ५१२ जीबीचे मॉडेल त्याच वेळी १,१९,९०० रुपयांना होते, म्हणजे वीस हजार जास्त. हा दोष एकट्या ॲपलचा नाही. आजकालचे बहुतेक पातळ लॅपटॉप, मग ते कोणत्याही कंपनीचे असोत, असेच बांधलेले असतात. दुकानदाराला 'मेमरी वाढते का' हे विचारून त्याच्याकडून बिलावर लिहून घ्यावे.

आता पैशाचा हिशेब. ९९,९०० रुपयांत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. मूळ किंमत ८४,६६१ आणि कर १५,२३९. ज्याची नियमित नोंदणी आहे आणि ज्याने बिलावर आपला जीएसटी क्रमांक टाकून घेतला, त्याला हा कर क्रेडिट म्हणून परत मिळतो. फक्त कराच्या त्या रकमेवर घसारा मागायचा नाही. दोन्हीकडून फायदा घेता येत नाही. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला किंवा नोंदणीच नसलेल्या कारागिराला मात्र पूर्ण ९९,९०० खिशातून जातात. एकच माल, पण दोन माणसांना दोन भावांत पडतो. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा धरत आले आहेत, परंतु जो अंदाजित नफ्याच्या पद्धतीने कर भरतो त्याला तो वेगळा मिळत नाही. 'धंद्याच्या नावावर घ्या, सगळा कर वाचेल' असे दुकानदार ज्या सहजतेने सांगतात तसे ते प्रत्येकाला लागू नाही. आपल्या कर सल्लागाराला आधी विचारावे.

मी शेवटी तिसरा मार्ग धरला. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना धंद्यासाठी बनवलेले मजबूत लॅपटॉप देतात आणि तीन-चार वर्षांनी ते एकगठ्ठा बाजारात काढतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला हा माल साफसूफ होऊन विकला जातो. मी लेनोव्होचा थिंकपॅड टी-४८० घेतला, २०१८ चे मॉडेल. सोळा जीबी मेमरी आणि नवी एसएसडी टाकून २६,५०० रुपये पडले. वजन १.५८ किलो, म्हणजे मॅकबुक एअरपेक्षा साधारण साडेतीनशे ग्रॅम जास्त. त्याच्या मागची बॅटरी हाताने निघते आणि आत दुसरी लहान बॅटरी असते. बाहेरची संपली तर यंत्र बंद न करता दुसरी लावता येते. सुरतेच्या प्रवासात मी एक जादा बॅटरी पिशवीत ठेवतो. यूएसबीची जुनी तोंडे आहेत, इंटरनेटच्या वायरचे आहे, मेमरी वाढते आणि कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला तो उघडतो. मॅकबुकचे नाव काढले तर तोच दुरुस्तीवाला हात जोडतो.

जीएसटीचे क्रेडिट धरूनही दोहोंत अठ्ठावन्न हजारांचा फरक राहिला. ग्रे कापडात मीटरमागे पन्नास पैसे सुटतात असे धरले, तर अठ्ठावन्न हजार सुटायला एक लाख सोळा हजार मीटर कापड विकावे लागते. शंभर मीटरचा ताका धरला तर ११६० ताके. साडेतीनशे ग्रॅम वजन माझ्या खांद्याला एवढे जड नाही.

जुना माल घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. विंडोज १० ला कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरक्षा देणे बंद केले. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचा माल स्वस्त मिळतो तो त्याचमुळे. विंडोजमध्येच बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती किती भरते, हे दोन्ही आकडे शेजारी दिसतात. ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावे. जुन्या कंपनीचा पासवर्ड मागितला तर तिथेच परत करावे. आणि बिल. जुन्या मालाचे काही व्यापारी फक्त स्वतःच्या नफ्यावर जीएसटी भरतात. अशा बिलावर आपल्याला क्रेडिट मिळत नाही. मला मिळाले नाही, आणि वरच्या हिशेबात ते धरलेलेही नाही.

ज्याला जुन्याची धास्ती वाटते त्याच्यासाठी मधला वर्गही आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात मी भाव विचारले तेव्हा दीड किलोच्या आतबाहेरचे, सोळा जीबी मेमरीचे नवे विंडोज लॅपटॉप पन्नास ते साठ हजारांत मिळत होते. त्यांची बिजागरी मात्र स्वतः उघड-झाप करून पाहावी. पडद्याचा एक कोपरा धरून उघडला आणि पडदा पिळल्यासारखा वाकला, तर तो सोडून द्यावा.

आता ज्यांनी महागच घ्यावा, त्यांच्याबद्दल. माझा पुतण्या साड्या आणि दुपट्ट्यांची डिझाइन करतो. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पडद्यापुढे '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असते. याचा अर्थ तो रंग फिके दाखवतो. गर्द लाल विटकरी दिसतो आणि मोरपंखी राखाडीकडे झुकतो. त्याने अशाच पडद्यावर पाहून बॉर्डरचा रंग ठरवला, गिऱ्हाइकाने पसंत केला आणि माल रंगून आल्यावर 'हा तो शेड नव्हे' म्हणून परत पाठवला. एका लॉटचे नुकसान लॅपटॉपच्या किमतीहून जास्त झाले. अशा कामाला '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेला पडदाच हवा. त्याला टॅलीशी कर्तव्य नाही, डिझाइनची सॉफ्टवेअर मॅकवर चालतात, आणि गिऱ्हाइकासमोर बसून काम दाखवायचे असते. त्याने मॅकबुक एअर घेतला आणि योग्य केले. माझ्या थिंकपॅडचा पडदा फिकाच आहे. मला आकडे वाचायचे असतात, ते फिके असले तरी चालते.

हप्त्याबद्दलही लिहायला हवे, कारण महाग माल बहुधा 'नो कॉस्ट ईएमआय' या शब्दांवर विकला जातो. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट कळवले होते. व्यवहारात होते असे की, बँक व्याज लावते आणि तेवढीच सूट दुकानदार किंवा कंपनी देते. रोख घेणाऱ्याला ती सूट मागितल्याशिवाय सांगत नाहीत. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यात व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी बँक वेगळा घेते, काही ठिकाणी प्रक्रिया शुल्कही. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या बांधवांनी नावावर न जाता बँकेचा कागद वाचावा; त्यात व्याजाचा रकाना असतोच. मी पुतण्याला रोखीचा भाव विचारायला लावला. दुकानदाराने आधी नकार दिला, मग साडेचार हजार कमी केले.

दुकानात जाताना आपला सहीचा टोकन, बारकोडच्या प्रिंटरची वायर आणि टॅलीचा बॅकअप घेतलेला पेन ड्राइव्ह सोबत न्यावा. तिन्ही तिथेच लावून पाहावेत. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा. आपल्याकडे कापड घ्यायला येणारेही दहा ताके उलगडून पाहतातच की.