दम्याचा फवारा आणि लोकापवाद

दमा म्हणजे येतो-जातो असा श्वासाचा अडथळा, हा जो समज आपल्याकडे रूढ आहे, त्याने रोग्यांचे फार नुकसान केले आहे. वस्तुतः या विकारात श्वासनलिकांच्या अस्तरास दीर्घकाळ सूज असते. धूळ, परागकण, सर्दी वा दिवाळीतील फटाक्यांचा धूर यांचे निमित्त होताच नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि उच्छ्वास विशेष कष्टाचा होऊन छातीत सूं सूं वाजू लागते. साल्ब्युटामॉलचा फवारा हे स्नायू काही मिनिटांत सैल करतो खरा, परंतु मूळ सूज शमविण्याचा अखत्यार त्याला नाही. ते काम ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडच्या नियमित फवाऱ्याचे, आणि बरे वाटताच रोगी नेमका तोच बंद करतो! अशी औषधे ठरावीक मात्रेत देणाऱ्या, १९५६ साली प्रचारात आलेल्या मापी फवाऱ्याची 'सवय लागते' हा लोकापवाद निराधार आहे. औषध थेट फुप्फुसांत पोहोचत असल्याने गोळीच्या मानाने त्याची मात्रा अत्यल्प, मायक्रोग्रॅमच्या हिशेबात, पुरते. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ मात्र भरावी. आराम देणारा फवारा वरचेवर लागू लागल्यास डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई करू नये. आणि बोलताना वाक्य पुरे होईना वा ओठ निळसर दिसू लागले, तर तडक रुग्णालय गाठावे.