नायलॉनचं उष्टं खाणारे

पूर्वी आमच्या रिठद गावात बैल बांधायचा तो अंबाडीच्या नाहीतर केकताडाच्या दाव्यानं, आणि गोठ्यातल्या ओलीत पडलं की मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव त्या दाव्याचा भुगा करून टाकायचे; मग नायलॉनचा दोर आला आणि कास्तकार म्हणाले, बाप्पा, हा तर कुजतच नाही! कुजेल कसा, पोरांनो? गवत, पान, हाड हे त्या जिवांचं कोट्यवधी वर्षांचं खाणं, आणि नायलॉन तर १९३५ साली अमेरिकेत कॅरोदर्स नावाच्या माणसानं पहिल्यांदा बनवलेलं. ते खायचं कसं, हे कुणाला ठाऊक असणार?

पण १९७५ साली जपानात किनोशिता आणि त्यांच्या सोबत्यांनी नायलॉन कारखान्याच्या सांडपाण्यातल्या एका जिवाणूची हकिकत छापली. नायलॉन करताना लांब साखळ्या होतात, काही मात्र आखूडच राहून पाण्याबरोबर वाहून जातात. हा पठ्ठ्या नेमके तेच तुकडे खाऊन जगत होता. आख्खा दोर त्याला पचत नाही बरं का, पण उरलंसुरलं तरी चाळीसच वर्षांपूर्वी जगात आलेलं!

हे त्याला शिकवलं कुणी? कुणीच नाही. खाणं तोडायला प्रत्येक जिवाणूकडे विकरं असतात, आपल्या विळ्यासारखी, एकेका कामाच्या बाकाची. जपानी शास्त्रज्ञांना त्याच जिवाणूत दोन भावंडं विकरं सापडली, एक नायलॉनचे तुकडे सपासप कापणारं, दुसरं त्यापुढं अगदी बोथट. दोघांत चाळीसहून जास्त ठिकाणी फरक, पण बोथटात त्यातल्या दोनच जागा बदलल्या तर तेही जवळपास तितकंच धारदार होतं. असे बदल नकळत, चुकून होतात. पोटभर खाणं मिळालं तर काही जिवाणू वीस-तीस मिनिटांत एकाचे दोन होतात, तेव्हा चुकाही मायंदाळ, आणि उपाशी टाकीत एखादीच चूक लाखमोलाची ठरते. पुढं १९९५ मध्ये प्रयोगशाळेतल्या दुसऱ्याच जातीच्या जिवाणूंना हेच तुकडे देऊन ठेवले, तर तीनेक महिन्यांत त्यांतही ते खाणारे निपजले. शिवाय पहिल्या पठ्ठ्याची ही विद्या प्लाझ्मिड नावाच्या एका सुट्या कड्यावर लिहिलेली, आणि अशी कडी जिवाणू पुष्कळदा शेजाऱ्याला देऊनही टाकतात. पोटच्या पोरालाच द्यावी असा त्यांचा हट्ट नाही.

सांडपाणी साफ करायच्या टाक्या चालतात त्या जिवाणूंच्या याच नवं खाणं शिकण्याच्या जिवावर. १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं की हवा दिलेल्या पाण्याखाली बसलेला गाळ फेकायचा नाही, नव्या पाण्यात पुन्हा घालायचा. त्यात खायला सरावलेले जीव असतात. १९५८ साली सुरू झालेल्या आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत याच गाळातल्या जिवांचा अभ्यास होत आला आहे. कारखान्याची नवी टाकी सुरू करताना मात्र पुष्कळ ठिकाणी आजही आधी ताजं शेण कालवतात, हो, आपल्या गोठ्यातलं असतं तसंच, कारण त्यात नाना जातींचे जीव आयते असतात! मग कारखान्याचं पाणी आज थोडं, उद्या जरा जास्त, असं हळूहळू वाढवत नेतात. आणि एखाद्या रात्री कुणी सगळं जहरी पाणी एकदम ओतलं, तर सरावलेले जीव मरतात, गाळ काळा पडून घाण सुटते, आणि पुन्हा शेण कालवून कित्येक आठवडे थांबावं लागतं.